लहर कमी केली, रेंज वाढली!

गेली! रेंज गेली! तीन सेंटिमीटर पुढे सरकवा, आली! आणखी तीन, पुन्हा गेली! अकरा वर्षं मी अकरावी-बारावीला लहरींचं व्यतिकरण शिकवतेय, फळ्यावर शेकडो वळणं काढली असतील. ते खरोखर घडताना पाहिलं काल संध्याकाळी, कॉलेजच्या मैदानावर.

सामान किती, तर दोन ईएसपी-३२ बोर्ड, एक मीटरपट्टी आणि शेडच्या कामातून उरलेला सपाट जस्ती पत्रा. एक बोर्ड वायफायच्या लहरी सोडतो, दुसरा त्या किती जोरात पोचल्या ते डेसिबलच्या आकड्यात सांगतो. आधी वर्गातच मांडलं होतं, पण आकडे नुसते नाचत होते. लोखंडी कपाट, खिडकीचे गज, बाकांचे पाय, सगळ्यांवरून लहरी उलटत होत्या. मग सगळं उचललं आणि मैदान गाठलं.

समोरून थेट येणारी लहर आणि पत्र्यावर आपटून परतणारी तीच लहर, दोघींच्या मधे पट्टीवर दुसरा बोर्ड. एकेक सेंटिमीटर सरकवायचा, आकडा मोठ्याने वाचायचा. उणे ४१, उणे ४२, उणे ४६... आणि एकदम उणे ५८! म्हणजे शक्ती पन्नासाव्या हिश्श्यावर. एकीचा उंचवटा नेमका दुसरीच्या खोलगटात पडला होता. मी म्हटलं, आता बोर्डाला हात लावू नका, फक्त पत्रा काढा. पत्रा हटला आणि आकडा वर चढला! दोन लहरींतली एक काढून घेतली, तर रेंज वाढली! मुलांनी पत्रा चार वेळा लावला, चार वेळा काढला. मीही थांबवलं नाही.

१८८८ साली कार्ल्सरूहेच्या व्याख्यानगृहात हाइनरिश हर्ट्झनेही भिंतीला जस्ताचाच पत्रा लावला होता. त्याच्याकडे आकडा दाखवणारा बोर्ड नव्हता. तारेच्या कड्याच्या फटीतली बारीक ठिणगी कुठे फुलते, कुठे विझते, हे तो अंधारात डोळे ताणून बघत होता. आमच्या पत्र्याकडे बघताना अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागे एक मुलगी वहीत काहीतरी मांडत बसलेली दिसली. आकडा कोसळतो असे सहा खड्डे, मधली पाच अंतरं मिळून साडेतीस सेंटिमीटर. एक अंतर ६.१, म्हणजे लहरीची लांबी त्याच्या दुप्पट, १२.२. वायफायचा पहिला चॅनेल सेकंदाला २४१ कोटी २० लाख कंपनांचा. तिने गुणाकार केला, किलोमीटर केले, उत्तराकडे बघत राहिली आणि ओरडली, "मॅडम, २ लाख ९४ हजार! मॅडम, हा प्रकाशाचा वेग आहे!"

पट्टीने मोजलेला! मैदानातल्या धुळीत बसून!

अंधार पडला तरी कुणी घरी जाईना. पत्र्याच्या जागी माणूस उभा केला तर, असं एकाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच जाऊन उभा राहिला. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्या सेंटिमीटरपासून आकडे वाचायला सुरुवात केली.