लहानमोठ्या चार डिस्क

सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या हार्ड डिस्क साठत जातात. लोक नवी बसवून घेतात आणि जुनी ‘राहू दे तुमच्याकडेच’ म्हणून ठेवून जातात. पुसून तपासलेल्या अशा चार डिस्क मी घरच्यासाठी बाजूला काढल्या: चार टीबीच्या दोन, दोन टीबीची एक आणि एक सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून निघालेली एक टीबीची. त्यांच्यावर ठेवायचं होतं ते मात्र कुठेच पुन्हा मिळणारं नव्हतं. कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, वडिलांच्या निगेटिव्हचे स्कॅन, मुलांचे व्हिडिओ. सगळं मिळून तीन टीबीच्या थोडं वर.

डिस्क निवडताना मी आधी तिचं वय बघत नाही, स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींतले, दोन आकडे बघतो. खराब म्हणून बदललेले सेक्टर किती आणि वाचता न आल्यामुळे ‘पेंडिंग’ पडलेले किती. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल, तर ती डिस्क कितीही कमी तास फिरलेली असली तरी मी घेत नाही. मग ती हातात धरून चालू करतो. चांगली डिस्क फिरायला लागली की तळहाताला एकसारखी बारीक थरथर लागते. मध्येच टक्‌ टक्‌ आवाज आला की ती बाजूला.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी रेडची, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक म्हणून वापरण्याची, कल्पना मांडली, तेव्हा त्या नावातला ‘आय’ इनएक्स्पेन्सिव्हचा, म्हणजे स्वस्ताचा होता. तो पुढे इंडिपेंडंटचा झाला. मला जुनाच अर्थ जवळचा वाटतो. पण नेहमीच्या रेड ५ चं जू सगळ्यांना एकाच मापाचं असतं. मोठ्या बैलानेही लहान्याच्या चालीने चालायचं. माझ्या चारही डिस्क त्यात एकेका टीबीच्या धरल्या जातात. त्यातली एकीएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एक डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढून देणाऱ्या जादा आकड्यांना, जाते. अकरा टीबीतून हाती येतात तीन, आणि माझा ऐवज तेवढ्यात मावतच नाही.

पॅरिटीचं गणित मात्र इतकं साधं आहे की मी ते दुकानातल्या पोरांना कागदावर करून दाखवतो. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ लिहिलेलं आहे. चौथीवर असा आकडा ठेवायचा की एकांची संख्या सम राहील, इथे ०. आता पहिली डिस्क गेली. उरले ०, १ आणि पॅरिटीचा ०. संख्या सम व्हायची तर गेलेला आकडा १ च असणार. प्रत्येक बिटासाठी एवढंच.

पण यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क नीट वाचता याव्या लागतात. माझ्या घरी एकदा तीन डिस्कच्या रेड ५ मधली एक गेली. नवी लावली, रिबिल्ड सुरू झालं आणि निम्म्यात दुसरी अडकली. तिच्या ज्या भागाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, तिथलेच सेक्टर मेले होते. फाइलींचे तुकडे सगळ्या डिस्कवर वाटलेले, म्हणून जी धडधाकट होती तिच्यातूनही एक सलग फोटो निघेना. ती रात्र मी विसरलेलो नाही.

त्यामुळे या वेळी प्रश्न बदलला. किती टीबी मिळतील यापेक्षा, दोन डिस्क एकदम गेल्या तर हातात काय उरेल? बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचं रेड १ प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतं, मापं कशीही असोत. त्यात साडेपाच टीबी मिळाले असते. डिस्कचे पट्टे पाडून थरांवर थर रेड रचलं तर सात. स्नॅपरेडमध्येही सातच: एक चार टीबीची डिस्क पॅरिटीला, बाकी तिघी डेटाला. अट एकच, पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डेटा-डिस्कपेक्षा लहान नको. मी स्नॅपरेड घेतलं, कारण त्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्र राहते आणि फाइल अखंड एकाच डिस्कवर असते. दोन गेल्या तरी तिसरी सोडवून दुसऱ्या मशीनला लावली की तिच्यावरचं सगळं वाचता येतं. वर मर्जरएफएस घातलं की घरच्यांना तिन्ही मिळून एकच फोल्डर दिसतं.

याची किंमतही आहे. पॅरिटी त्या क्षणी लिहिली जात नाही, सिंक चालवल्यावरच लिहिली जाते. आज दुपारी टाकलेला फोटो रात्रीच्या सिंकपर्यंत उघडाच. रोज बदलणाऱ्या दुकानाच्या हिशेबाला ही व्यवस्था मी कधीच लावणार नाही. पण आजीच्या ओव्या आता बदलायच्या नाहीत. त्यांच्यासाठी रात्रीचं सिंक आणि महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे जुन्या फाइली वाचून पडताळणं, एवढं पुरतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर एक फोटोग्राफर चार डिस्कचा डबा घेऊन दुकानात आले होते. एक डिस्क गेली तरी काही जाणार नाही, अशी रचना होती. डबा उघडला तर चारही डिस्कवर सारखाच गाळ. लग्नांचे अल्बम होते त्यात, दुसऱ्या कुणाचे तरी. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना.

तेव्हापासून पाचवी डिस्क विट्याला ताईच्या कपाटात असते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली, म्हणजे तिच्या लॅपटॉपवर सरळ उघडते. भाऊबीजेला मी ताजी डिस्क घेऊन जातो आणि आधीची परत आणतो. ओवाळून झालं की ताई ती लॅपटॉपला लावते आणि कॅसेट क्रमांक तीन सुरू करते. आधी जात्याची घरघर येते, मग आजी खाकरते. ताई आवाज मोठा करते.