चीक, नारळ आणि नवं साल

आधी तिथींचा मेळ. यहुदी पंचांग चांद्र आहे, आणि शकाच्या पंचांगासारखंच अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. १९ वर्षांत ७ अधिक महिने. तिश्री महिन्याच्या पहिल्या तारखेला यहुद्यांचं नवं साल, रोश हशाना. कोकणातल्या यहुद्यांच्या, बेने इस्राएलांच्या, जुन्या बोलीत नव्याचा सण. तो कधी गणपतीच्या आगेमागे पडतो, कधी थेट घटस्थापनेला. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला आले. मग दहाव्या दिवसाचा योम किप्पूरचा कडक उपास आणि दसराही एकाच दिवशी: २०२४ मध्ये १२ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २ ऑक्टोबर. एका दाराला झेंडूचं तोरण, शेजारचं दार दिवसभर लावलेलं.

*

नव्या सालाचा मुख्य पदार्थ चिकाचा हलवा. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना पहिला अर्धा भाग सांगायला नको. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा पिळायचा, फडक्यातून गाळायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की खाली पांढरा, जड चीक. कुरडईची वाट इथून वेगळी होते. हलव्यासाठी चिकात नारळाचं दूध पडतं, आणि तेही भरपूर: वाटीभर चिकाला पाच-सहा वाट्या दूध, दोन-अडीच वाट्या साखर, चवीला चिमूटभर मीठ. सगळं गार असतानाच एकजीव करून मग जाड बुडाच्या पातेल्यात चुलीवर. गरम दुधात चीक ओतला तर गाठी झाल्याच म्हणून समजा.

नंतर फक्त हात. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही घडत नाही, आणि नेमकं तेव्हाच ढवळणारा कंटाळून इकडेतिकडे बघतो आणि बूड लागतं. मग एकाएकी उलथनं जड होतं. पांढरा रंग जाऊन मिश्रण काचेसारखं दिसू लागतं, मोठमोठे बुडबुडे फुटतात, त्यांचे चटके मनगटावर बसतात. तासाभराने कडेला नारळाचं तेल सुटायला लागतं आणि गोळा पातेलं सोडतो. वेलची, जायफळ, थोडा गुलाबी रंग. तेलाचा हात लावलेल्या परातीत ओतायचं, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडायच्या. ढवळायला घरातले सगळे लागतात, पाळीपाळीने. मुलांना चुलीपाशी उभं करू नये. नारळ खवणं, कीस पिळणं, बदाम सोलणं ही त्यांची कामं. पातेलं खरवडण्यावरून भांडणं होतात ती होऊ द्यावीत.

हल्ली चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात. अर्ध्या तासात होतो, दिसतोही छान. पण चिकाच्या हलव्याला दाताखाली जो ओढा असतो तो यात नाही. वेळ नसेल तर अवश्य करावा. दोन्ही एकच, असं मात्र म्हणू नये.

*

हलव्यात तूप नाही, गाईम्हशीचं दूध नाही. नारळ मुबलक म्हणून, हे अर्धंच कारण. मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचं नाही हा यहुदी धर्मग्रंथाचा, तोराचा, नियम. सणाच्या रात्री ताटात मटण असणार, मग गोड काय करायचं? बासुंदी, श्रीखंड, पेढे सगळं बाद. उत्तर भारतात हा प्रश्न अवघड गेला असता. कोकणात परसातच उत्तर लटकत होतं. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात, त्यावरचा हलवाही नारळाच्या दुधात, आणि नियम कुठेच मोडला नाही.

*

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची आपल्या मुळाबद्दलची परंपरा. ग्रंथ बुडाले. पुढची कित्येक शतकं ही माणसं रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावंही गावांवरून: दिवेकर, पेणकर, केहिमकर.

मग डेव्हिड राहाबी नावाचा कोणी यहुदी आला. ही माणसं आपल्यातली आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे सगळ्या तऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं, अशी कथा आहे. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. राहाबी कोणत्या काळातला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कथा मला फार आवडते. परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि पुरुषांना कोणी काही विचारलं नाही.

*

किद्दुशच्या प्रार्थनेला द्राक्षरस हवा. कोकणात द्राक्षं कुठली? काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून किंवा मिक्सरला फिरवून गाळायच्या. झालं शरबत. वाइन नसल्यामुळे पेला घरातल्या सगळ्यांत धाकट्यापर्यंत जातो. बियांच्या मनुकांना चव जास्त, मात्र मिक्सर जपून फिरवायचा; बी भरडली की कडवटपणा उतरतो.

*

रात्रीच्या जेवणाआधी एकेक घास, प्रत्येकाआधी एक लहानशी प्रार्थना. मधात बुडवलेलं सफरचंद, खजूर, डाळिंब, दुधी किंवा भोपळा, चवळी, बीटाचा पाला. डाळिंबाच्या दाण्यांइतकी सत्कृत्यं होवोत, वर्ष मधासारखं गोड जावो. शेवटी मुंडी किंवा माशाचं डोकं, आपण शेपटाकडे नाही, डोक्याकडे असावं म्हणून. मुलांना हा भाग आवडतो, कारण जेवणाआधीच निम्मं पोट भरतं आणि कोणी रागावत नाही. सफरचंद मला कोकणी ताटात पाहुणंच वाटतं. खजूर-डाळिंबाचं तसं नाही.

*

सकाळी सिनेगॉगमध्ये शोफार, मेंढ्याचं शिंग. फुंकणाऱ्याचा दम बघण्यासारखा. पहिला दिवस शनिवारी आला तर शिंग त्या दिवशी वाजत नाही, दुसऱ्या दिवशी वाजतं. २०२६ मध्ये तसंच आहे: शनिवार १२ सप्टेंबरला शांतता, रविवारी शिंग. सोमवारी गणेश चतुर्थी.

*

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यातल्या जुन्या सणांत खिरीचा सण आहे, तिश्रीच्या चौथ्या दिवशीचा. नव्या धान्याची खीर, तीही नारळाच्या दुधातली, आणि ऊद जाळायचा. नव्याच्या पूजेला भात कापून घरी आणणाऱ्या कोकण्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ग्रंथ हाती नसताना सण टिकतो तो असा, धान्याला आणि पातेल्याला धरून.

*

योम किप्पूरला इथे दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे, दार बंद, कोणाला शिवायचं नाही, अन्न नाही, पाणी नाही. उपास साधारण २५ तासांचा. मुलगे १३ वर्षांचे आणि मुली १२ वर्षांच्या होईपर्यंत त्यांना बंधन नाही, तरी अर्ध्या दिवसाचा उपास करून बढाई मारणारं एखादं पोर असतंच. संध्याकाळी सरबत, आणि पुष्कळ घरांत गोड सारणाच्या पुऱ्या. नाव पुरी असलं तरी आकार करंजीचा. त्या आदल्या दिवशीच तळून ठेवतात. उपाशीपोटी तळण काढण्याची सक्ती कोणत्याही धर्माने करू नये.

*

दुसरा दिवस शिळा सण. पूर्वज आदल्या दिवशी घरी येतात आणि आज परततात, असा जुना समज. गरिबांना दान, नातेवाइकांकडे जाणं-येणं. आता बहुतेक नातेवाईक इस्राएलमध्ये आहेत. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. इथे उरलेल्यांची संख्या काही हजार.

*

हलव्याच्या थाळ्या नव्या सालाच्या दिवशीच शेजारी जातात. तूप नाही, अंडं नाही; जैन, गुजराती, ब्राह्मण कोणीही न विचारता खावा असा पदार्थ. पंचाईत फक्त नवरात्राशी गाठ पडली तर. नऊ दिवस उपास धरणाऱ्या काकूंना गव्हाचा चीक चालत नाही. त्या थाळी मानाने घेतात, झाकून ठेवतात, दसऱ्याला खाईन म्हणतात. नारळाच्या दुधाचा हलवा काही दसऱ्यापर्यंत टिकत नाही, आणि ते त्यांच्या नातवंडांना पक्कं ठाऊक असतं.