मोत्याची मुलूखगिरी

तापातून उठल्यावर ओटीवरच्या आरामखुर्चीत स्वस्थ पडून राहण्याची जी सक्ती माझ्यावर झाली, तिच्यामुळेच आमच्या मोत्या नामक वीतभर प्राण्याच्या उद्योगांचे सावकाश अवलोकन करण्याचा योग आला. फाटकाची कडी तो प्रथम हुंगतो, मग मागच्या पायांवर उभा राहून नाकाडाने ती वर ढकलतो आणि खणकन आवाज होताच, जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने माझ्याकडे क्षणभर पाहून पसार होतो. एकदा तर स्वारी गोदामाकडे निघालेल्या मालमोटारीत चढून थेट काल्हेरला जाऊन आली. वाटेत चालकाच्या डब्यातील भाकरीही तिने फस्त केली होती.

ज्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांना मोलाचे साह्य केले, त्या गावच्या श्वानांतही मुलूखगिरीची हौस उतरावी, हे (नाईकांची क्षमा मागून) मला स्वाभाविक वाटते. छत्रपती शाहूंचा जीव वाचविणाऱ्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीस दाखवितात. आमच्या मोत्याच्या नावे दफ्तरी जमा आहेत त्या केवळ शेजाऱ्यांच्या फिर्यादी, बहुतेक वाळत घातलेल्या बोंबलांसंबंधीच्या.

त्याचे ते उधळलेले शेपूट वळणाआड जाताना मनात कौतुकाहून निराळे, असूयेसारखे काहीतरी दाटून येते. अशक्तपणामुळे असेल, किंवा नसेलही. जहागीर देणे माझ्या अखत्यारीत नाही, आणि पालखी मिळाली तरी हा गृहस्थ तीत बसून राहणार नाही.