तंबोऱ्याइतका आवाज

पुणे

चि. अमेय यास,


नव्या घरात स्पीकर लागले आणि पहिल्याच रविवारी बाबांनी आवाज कमी करायला लावला, आजोबांनी वाढवायला, आणि खालच्या मजल्यावरून निरोप आला तो वेगळाच. भीमसेनजींचा विलंबित ख्याल चालू असताना हे व्हावं याचं वाईट वाटलं. पण घरात गाणं किती मोठ्यानं लावावं, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर तंबोऱ्यात सापडतं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. इतक्या खालच्या स्वराला माणसाचा कान मंद असतो, आणि आवाज जितका हळू तितका तो आणखी मंद होतो. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 साली हे मोजून दाखवलं. पुढे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यातले आकडे बघ: 1000 हर्ट्झचा स्वर 40 डेसिबलला जेवढा ऐकू येतो, तेवढाच ऐकू यायला 63 हर्ट्झच्या स्वराला सुमारे 73 डेसिबल लागतात. म्हणजे 33चा फरक. वरचा स्वर 80 डेसिबलवर नेला की हाच फरक 18च्या आसपास येतो. म्हणून रात्री हळू लावलेल्या गाण्यातून खर्ज आणि डग्ग्याची घुमार सगळ्यांत आधी गळते. जवारीमुळे वरचे स्वर कानावर येत राहतात, षड्ज कळतो, पण त्याचं भरदार अंग जातं. जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असे ते याचसाठी, हळू आवाजात खालचे स्वर उचलून धरायला. तुझ्या यंत्रावर असेल तर रात्री ते खुशाल वापर. त्यानं गाणं बाटतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या कानांनाही हाच नियम लागू आहे.

ही झाली खालची हद्द. वरची हद्द कानाच्या आतल्या रोमपेशी ठरवतात. एका कानात त्या पंधरा हजारांच्या आसपास असतात आणि माणसाच्या कानात एकदा मेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास इथवर मुभा देते. 90 डेसिबलला हेच 4 तास उरतात. सिनेमाच्या मिश्रणात 85 डेसिबलची संदर्भपातळी धरतात, ती मोठ्या प्रेक्षागृहासाठी. दहा बाय बाराच्या खोलीत, स्पीकरपासून सहा-सात फुटांवर बसून ती गाठायचा हट्ट कशाला? शिवाय मोठ्या आवाजाला कान सरावतो. अर्ध्या तासानं तेच गाणं थोडं मिळमिळीत वाटू लागतं आणि हात पुन्हा बटणाकडे जातो. असा वाढवलेला आवाज गाण्याला काही देत नाही.

ख्याल ही मुळात बैठकीची कला. गवई आणि ऐकणारे एकाच खोलीत, माइक नाही. तेव्हा माप तिथूनच घ्यावं. आलाप सुरू होण्याआधी नुसता तंबोरा वाजत असतो, तिथं थांबून आवाज हळूहळू वाढवायचा. चारही तारा वेगवेगळ्या कळू लागल्या की हात काढायचा आणि मग द्रुत संपेपर्यंत बटणाला शिवायचं नाही. तानेला गवई आपण होऊन मोठा होतो. मोठ्या महोत्सवांच्या ध्वनिमुद्रणात मात्र तंबोरा कधी कधी फार पुढे येतो आणि ही खूण फसवते. तिथं गवयाचा मध्य सप्तकातला आवाज धरावा: तो समोरच्या गादीवर बसून गातोय असं वाटलं की पुरे. हे सगळं बहुधा 65 ते 75 डेसिबलच्या मध्ये कुठेतरी बसतं. फोनवरचं मोजणारं अ‍ॅप अंदाजापुरतं चालेल.

एवढ्यात भागत नसेल, तर दोष बहुतेक खोलीचा. शहरात खिडकी उघडी, पंखा चारवर, बाजूला फ्रिज: चाळीस-पन्नास डेसिबल इथंच खर्ची पडतात आणि मींड त्यांच्याखाली गाडली जाते. पंखा एकवर आणावा, रस्त्याकडची खिडकी लावावी, जाड पडदा ओढावा. आवाज वाढवण्याआधी हे करून बघ; गाणं कितीतरी जवळ येतं.

जुन्या तबकड्यांचं वेगळं आहे. गौहर जाननं 1902 साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं ते भोंग्यात गाऊन. त्या तंत्रात खर्ज उमटतच नसे. तिथं बटण पिळून खरखर तेवढी मोठी होते.

खालच्या मजल्याचं म्हणणंही नीट ऐक. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याहून 5 डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. भिंतीतून आणि स्लॅबमधून पलीकडे जातो तो मुख्यतः डग्ग्याचा ठोका. स्पीकर थेट फरशीवर असतील तर स्टँडवर घे, खाली रबराचे जाड तुकडे घाल, आणि कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढ. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात, तुलाही ते नीट ऐकू येत नाहीत.

राहिले आजोबा. उतारवयात आधी वरचे स्वर जातात. त्यांना आवाज लहान वाटतो असं नाही, बंदिशीची अक्षरं लागत नाहीत. सगळा आवाज वाढवला तर डग्गा त्यांना टोचेल आणि अक्षरं तशीच पुसट राहतील. त्यांची खुर्ची स्पीकरच्या जवळ आण. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल मिळतात. खोलीत तेवढे नाही मिळत, पण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाच्या मानानं थेट आवाज वाढतो आणि शब्द सुटे होतात. ट्रेबल थोडं वर ने. एवढ्यानंही नाही जमलं तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, तपासणीला लागतो अर्धा तास. श्रवणयंत्र लागलं तर त्यात संगीतासाठी वेगळी सोय आहे का ते आधी विचारून घे. नुसत्या बोलण्यासाठी लावलेली यंत्रं तंबोऱ्याच्या संथ सुराला गोंगाट समजून दाबू शकतात.

तुझा,
मामा