अनुशय

संस्कृत शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या मास्तराने मोटार विकावयास बसावे, ही गोष्ट मुळातच विनोदी. 'क्री' म्हणजे विकत घेणे. हा धातू पस्तीस वर्षे मी मुलांकडून चालवून घेतला. त्याला 'वि' हा उपसर्ग लागला की अर्थ उलटून 'विकणे' असा होतो आणि धातू नेहमी आत्मनेपदीच चालतो. मग क्रियेचे फळ कर्त्याला मिळो वा दुसऱ्या कोणाला. पाणिनीच्या या नियमातील मर्म मला गेल्या वर्षी अंगणात उभ्या असलेल्या एका गाडीने समजावून दिले.

गाडी माझी नव्हे, माझ्या धाकट्या भावाची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेताच त्याने 2017 मध्ये दुहेरी केबिनची पिक-अप घेतली आणि मागच्या हौद्यात जणू दुसरे बिऱ्हाडच थाटले. सागवानी कप्पे, साठ लिटर पाण्याची टाकी, जादा बॅटरी, टपावर उघडमीट होणारा तंबू, फावडे, ओढावयाचा दोर – काय नव्हते त्यात! जुलै 2018 मध्ये आम्ही दोघे भाऊ व दोघी जावा मनालीहून लेहला गेलो. तेव्हा अटल बोगदा व्हावयाचा होता. रोहतांग चढूनच जावे लागे. टांडीच्या पंपावर 'पुढील पंप 365 किलोमीटरवर' अशी पाटी होती, म्हणून वीस-वीस लिटरचे दोन डबे डिझेलने भरून घेतले. बारालाचाच्या अलीकडचे ओढे सकाळी घोटाभर, तर उन्हाने बर्फ वितळून दुपारी मांडीभर होतात, म्हणून पहाटेच निघावयाचे. सरचू 4,000 मीटरांहून उंच. तेथे पाणी सुमारे 86 अंशांवरच उकळते, आणि कुकरावाचून भात कच्चा राहतो. भावजयीने नेलेल्या कुकराला आम्ही निघताना हसलो होतो; त्या रात्री मात्र हात जोडले.

परतताना मनालीत एक गोष्ट ध्यानी आली. केबिन आणि हौदा यांमधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसू लागली होती. पाणी, डिझेल, तंबू, कप्पे असा सारा भार मागच्या आसाच्याही मागे लोंबत होता. खडबडीत रस्त्यावर तो तरफेसारखा हिसके देत राहिला, आणि केबिनच्या पाठीमागे चासी वाकून तडकली. तेथील एका कारागिराने दीड दिवस खपून ती सरळ केली व वेल्डिंग करून सांधली. त्या सांध्यावर विसंबून आम्ही घरी आलो, आणि पुढेही भावाने ती गाडी पुष्कळ फिरविली.

2023 मध्ये भाऊ गेला. गाडी अंगणात उभी राहिली. टायर बसले, तंबूत चिमण्यांनी घरटे केले. भावजयीच्या हाती रक्कम यावी, म्हणून विकावयाचे ठरले. वारसाहक्काने गाडी आधी तिच्या नावावर करून घेतली; मग साडेसात लाखांची मागणी केली. पुतण्याने सामानाची यादी सुरेख केली. एक दोरही सुटला नव्हता. सांधा तेवढा सुटला होता. वर काळा रंगही ताजा दिसला.

मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काका, सहा वर्षांत काही झाले का? विचारले तर सांगू. पैसा आईचा आहे."

हा शेवटचा शब्द मला लागला. दुसऱ्याच्या पैशावर सचोटी मिरविणे सोपे असते. खरे बोलल्याचे पुण्य माझ्या पदरी, आणि नुकसान विधवा भावजयीचे! रात्री मी तिलाच विचारले. ती निवडलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "भाऊजी, त्या सांध्यावर आपण बसलो ते ठाऊक असून बसलो. त्यालाही ठाऊक असू द्या."

याज्ञवल्क्यांनी व्यवहाराध्यायात खरेदी केलेल्या वस्तूंच्या परीक्षेच्या मुदती घालून दिल्या आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात आणि 'वाह्य' म्हणजे ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच. कऱ्हाडहून एक तरुण आपल्या पत्नीसह गाडी पाहावयास आला. मी त्याला प्रथम खाली वाकवून तो सांधा दाखविला, विसार घेतला आणि म्हटले, "पाच दिवस तुमच्या मिस्त्रीच्या खड्ड्यावर ठेवा. नको वाटली तर विसार परत." पुतण्या घरात निघून गेला.

पाचव्या दिवशी तरुण आला. सांधा मजबूत होता. परंतु मिस्त्रीच्या मते दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या मारावयास हव्या होत्या, आणि जादा सामानही उतरवावयास हवे होते. नव्वद हजार कमी करून तो देत होता. भावजयीने मान डोलविली.

पुढचे काम पुतण्याने केले, आणि चोख केले. येथे वाचकांस एक सांगणे आहे : पैसे मिळाले म्हणजे गाडी सुटली, असे समजू नये. फॉर्म 29 व 30 भरून राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. आणि नोंदीत जुने नाव राहिले, तर अपघाताची भरपाई त्या नोंदलेल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरविले आहे. पुतण्या नवे नाव लागेपर्यंत फेऱ्या घालीत राहिला. माझ्याशी मात्र चार दिवस मोजकेच बोलला. त्याचा राग मी अन्याय्य म्हणणार नाही.

गाडी निघताना भावजय लगबगीने बाहेर आली. मला वाटले, काही राहिले. तिच्या हातात तो कुकर होता. तरुणाच्या पत्नीकडे देत ती म्हणाली, "राहू द्या गाडीतच. तिकडे याच्याशिवाय भात शिजत नाही."

संस्कृतात 'अनुशय' म्हणजे मागाहून होणारी रुखरुख. आणि तोच शब्द स्मृतिकारांनी सौदा फिरविण्याच्या हक्कालाही योजिला. मनूने त्यासाठी दहा दिवस दिले आहेत. आमचे दहा दिवस केव्हाच उलटून गेले. सौदा फिरवावा असे मला क्षणभरही वाटलेले नाही. तरी सकाळी तुळशीला पाणी घालताना अंगणातील त्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच अजून मी जातो.