ऋणाचें स्थलांतर

नागपुरास कळमन्याच्या बाजाराशीं ज्यांचा संबंध येतो त्यांस ठाऊक आहे कीं, तेथील देण्याघेण्याला हंगाम असतो. संत्र्यांचा बागाइतदार अडत्याकडून जी उचल घेतो ती आंबिया अथवा मृग बहराचा माल बाजारांत उतरल्यावर त्याच्या पट्टींतून कापून घेतली जाते. हा व्यवहार सर्वस्वीं निर्दोष आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु परतफेडीचा काळ उभयतांस आधींच माहीत असतो. क्रेडिट कार्डाच्या ऋणाला मात्र बहर म्हणून नाहीं; तें बारमाही वाढतें.

कळमन्यासच आमच्या आप्तांचें एक एकत्र कुटुंब नांदतें. तिघे भाऊ, त्यांच्या स्त्रिया, मुलें, सुना व वृद्ध मातोश्री असा चौदा-पंधरा माणसांचा संसार. त्यांतील एका कमावत्या पुतण्यानें बहिणीच्या लग्नांत एक लक्ष रुपयांचा खर्च कोणास न सांगतां आपल्या कार्डावर केला. हेतु वाईट नव्हता. थोरल्या काकांपुढें पुन्हा हात पसरण्याचा संकोच, एवढेंच. पुढें दरमहा ५,००० रुपये तो नेमानें भरी आणि ऋण उतरत आहे अशा समजुतींत राही. त्याचे कागद आम्हीं पाहिले तेव्हां निराळाच प्रकार दिसला. दरमहा साडेतीन टक्क्यांनीं पहिल्याच महिन्याचें व्याज ३,५०० रुपये, त्या व्याजावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर ६३० रुपये. मुदलाकडे गेले ते अवघे ८७०! सहा महिन्यांत तीस हजार भरूनहि मुद्दल सहा हजारांनीं कमी झालें नव्हतें.

अशा वेळीं एका दुसऱ्या बँकेकडून त्यास टेलिफोन आला. जुन्या कार्डावरील बाकी आमच्या कार्डावर आणा, साठ दिवस व्याज पडणार नाहीं. या स्थलांतरास 'बॅलन्स ट्रान्स्फर' म्हणतात. शुल्क शेंकडा दोन. हिशेब मांडून पाहतां शुल्क व त्यावरील कर मिळून सुमारें सव्वादोन हजार जाणार, व्याजाचे साडेसात हजारांहून अधिक वाचणार. यांत लबाडी कांहीं नाहीं. साठ दिवसांत सारें ऋण फेडण्याची ज्याची तयारी आहे त्यानें हा मार्ग खुशाल पत्करावा. (अमेरिकेंतील मुलांकडून ऐकून कित्येकांस वाटतें कीं, ही सवलत वर्ष-दीड वर्षाची असते. तिकडे ती बहुधा तशी असते, शुल्कहि शेंकडा तीन ते पांच पडतें. इकडे लांब मुदत हवी तर कमी दरानें कां होईना, व्याज द्यावेंच लागतें.) परंतु एकसष्टाव्या दिवशीं काय? उरलेल्या बाकीवर पुन्हा चढा दर. शिवाय जुनें कार्ड रिकामें होऊन हातांत राहतें तें वेगळेंच. पिशवी रिकामी झाली कीं मनुष्य दुकानांतून परत येतो. कार्ड रिकामें झालें कीं तो दुकानांत शिरतो.

खत बदलण्याची कल्पना नवी नाहीं. ऋण फेडण्यास असमर्थ झालेल्यानें साचलेलें व्याज चुकतें करून खत नवें करून द्यावें, अशी व्यवस्था मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. व्याज मुदलाहून अधिक होऊं नये हा दामदुपटीचा दंडकहि तेथेंच सांपडतो. आमच्या काळीं २००८ सालीं राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें कार्डावर शेंकडा तीसहून अधिक वार्षिक व्याज घेणें अनुचित ठरविलें होतें. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला.

नव्या बँकेस होकार देण्यापूर्वीं पुतण्यानें ही गोष्ट धाकट्या काकूंच्या कानीं घातली, आणि त्यांनीं रात्रीं जेवणें झाल्यावर ती थोरल्यांपुढें काढली. आम्ही त्या दिवशीं तेथें मुक्कामास होतों. थोरले रागावले नाहींत. त्यांनीं दर विचारला, मनांत गुणाकार केला, आणि कपाटांतून मुदत ठेवीची पावती काढून आणली. तीवर वर्षास शेंकडा सात मिळत होते. एकाच छपराखालीं एक जण सात टक्के मिळवीत होता, दुसरा बेचाळीस टक्के भरीत होता, आणि दोघेहि एकाच पंक्तीस जेवत होते! पगार परस्पर बँकेंत जमा होऊं लागल्यापासून चूल एक आणि खातीं दहा अशी आपल्या घरांची स्थिति झाली आहे. याचा दोष केवळ तरुणांकडे देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. थोरल्यांच्या ठेवींची वार्ता तरी घरांत कितीजणांस असते?

ठेव मुदतीपूर्वीं मोडली, त्यापायीं व्याज थोडें कमी आलें, आणि जुन्या बँकेची सारी बाकी भागली. स्थलांतराच्या शुल्काचें कारणच उरलें नाहीं. पुतण्याचा तोच पांच हजारांचा हप्ता आतां घरच्या वहींत बिनव्याजी जमा होतो. एकोणीस महिन्यांत तो संपेल. बँकेकडे भरीत राहिला असता तर आणखी तीन वर्षांहून अधिक काळ लागला असता. जिच्या लग्नासाठीं हें झालें तिला यांतलें कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं असें प्रथम ठरत होतें. तें काकूंनीं मोडून काढलें, व आम्हांस तें फार बरें वाटलें.

राहिलें तें जुनें कार्ड. सर्व बाकी फेडून ग्राहकानें मागणी केली म्हणजे सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालें पाहिजे, व विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकास मिळाले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. पुतण्यानें अर्ज केला. पांचव्या दिवशीं कार्ड बंद झाल्याचें पत्र आलें.