पाथरीचे आम्ही

'आम्ही मूळचे पाथरीचे' हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या ऐकू येत आहे. मात्र पाथरी पाहिलेले माणूस घरात एकही उरलेले नाही. आजोबा तरुणपणी पोटासाठी पुण्याला आले, ते आलेच. परवा वडील गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना दोन कागद हाती लागले. एक, आजोबांच्या वळणदार अक्षरातली वंशावळ; दुसरा, उर्दूतली एक पिवळी पडलेली पावती. वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या भावापुढे एकच शब्द होता : 'निर्वंश'. पावती मात्र कोणालाच वाचता येईना. मी मराठीचा प्राध्यापक. मोडी कशीबशी लावतो, पण इथे हात टेकले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही उभयता परभणीला उतरलो आणि एस.टी.ने मानवतमार्गे पाथरी गाठली. "वाडाबिडा सापडला तर झाडायला मी येणार नाही," असे सौभाग्यवतींनी वाटेतच बजावले होते!

पाथरीला हल्ली माणसे येतात ती साईबाबांचे जन्मस्थान म्हणून. जानेवारी २०२० मध्ये सरकारने या गावाच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा जन्मस्थानाच्या वादावरून शिर्डीने बंद पाळला होता. संतांच्या मूळ गावाचा निकाल लागत नाही, तिथे आमची काय कथा!

चौकशी करता करता एका निवृत्त मुसलमान मास्तरांच्या ओसरीवर पोचलो. "कुठलं गाव म्हणावं?" त्यांनी विचारले.

"पुण्याचे. म्हणजे... मूळचे इथलेच."

मास्तर हसले. "मग तुमच्याआधी एक बादशहा असंच म्हणत आला होता."

आणि चहा येईपर्यंत त्यांनी गोष्ट सांगितली. इतिहासकार फरिश्त्याने ती लिहून ठेवली आहे. पाथरीच्या भैरव कुलकर्ण्याचा मुलगा तिमाभट विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेच्या हाती लागला. तो मुसलमान होऊन मलिक हसन झाला, बहमनी राज्याचा वजीर झाला आणि १४८६ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाही स्थापली. नातू बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पूर्वजांची पाथरी मागितली, तिच्या बदल्यात दुसरा मुलूखही देऊ केला. नकार आला, तेव्हा १५१८ मध्ये त्याने ती लढून घेतली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना बहाल केली.

"त्या कुलकर्ण्यांच्या वंशावळीत तिमाभटापुढं काय लिहिलं असेल हो?" मास्तरांनी सहज विचारले.

मी गप्प झालो. काय लिहिले असेल ते मला ठाऊक होते.

मग मी पावती पुढे केली. मास्तरांनी चष्मा पुसून ती उजेडात धरली. "शेतसाऱ्याची आहे. फसली तेराशे पन्नास. म्हणजे पाचशे नव्वद मिळवा, सन एकोणीसशे चाळीस." त्यांनी भरणाऱ्याचे नाव वाचले, ते माझ्या ओळखीचे नव्हते. पुढे 'वल्द' म्हणून बापाचे नाव वाचले आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. ते नाव आमच्या 'निर्वंश' आजोबांचे होते!

म्हणजे त्यांना मुलगा होता. तो शेत राखून होता, सारा भरत होता. धाकट्या भावाविषयी आजी फक्त "त्यानं घराला बट्टा लावला" एवढेच बोलायची. काय केले होते त्यांनी? सांगणारे कोणी उरले नाही. पण 'निर्वंश' लिहिणारा हात आणि चुलतभावाची पावती जन्मभर जपणारा हात एकच होता. पणजोबांच्या धाकाने आजोबांनी लिहिले असेल. खोडण्याचे धैर्य झाले नसेल. त्यांनी पुरावा तेवढा ठेवला.

शेत कुठले, त्या मुलाचे पुढे काय झाले, हे त्या दोन दिवसांत कळले नाही. मास्तरांनी विचारून ठेवण्याचे कबूल केले आहे.

घरी आल्यावर वंशावळ काढली. तो शब्द खोडला नाही. आजोबांचे अक्षर आहे ते. त्याखाली एक रेघ ओढली आणि पावतीवरचे नाव लिहिले. सौभाग्यवती म्हणाल्या, "खाली जरा जास्त जागा सोडा हो. त्यालाही मुलं झाली असतील."